लेक बफेलोला चाललीय? थंडीच्या कपड्यांची तयारी, पायरीपायरीने

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जो बर्फ पडतो त्याला तिकडे लेक इफेक्ट स्नो म्हणतात. मुलीने फोनवर पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मला वाटलं माझीच फिरकी घेतेय, कारण लेक इफेक्ट माझ्यावर ऑलरेडी झाला होता, झोप उडाली होती आणि दर दोन तासांनी मोबाइलवर तिकडचं टेंपरेचर बघत होते. पण ती लेक म्हणजे लेक इरी, तिथलं समुद्राएवढं तळं.

माझी मुलगी २०२३ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्सला तिकडे गेली. आम्ही पुण्याचे, म्हणजे डिसेंबरात पारा ८-९ वर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो त्या गावचे. त्यामुळे तयारी करताना जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या आम्ही केल्या. नंतर एक डिसेंबर-जानेवारी मी स्वतः तिच्याकडे राहून आले आणि मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता ओळखीतल्या दर दोन घरांतून विचारणा होते, काकू काय काय घेऊन द्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. बफेलोचं लिहितेय पण शिकागो, मिनियापोलिस, बोस्टन, टोरांटो कुठेही मुलगी चालली असेल तरी थोडंफार इकडेतिकडे करून चालेल.

पायरी १: थंडी नक्की कसली ते आधी समजून घ्या

जानेवारीत बफेलोत दुपारचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं आणि रात्रीचं उणे ६-७. हा आकडा ऐकून आपण म्हणतो की मनालीला गेलो होतो तेव्हा एवढंच होतं की. पण मनालीला आपण चार दिवस गेलो होतो, गाडीतून उतरून फोटो काढला आणि परत गाडीत बसलो. इथे नोव्हेंबर ते मार्च रोज सकाळी कॉलेजला जायचंय आणि वर वारा आहे. तळ्यावरून वारा येतो, तळ्याचं पाणी हवेपेक्षा गरम असतं म्हणून तो वारा येताना ऊब आणि बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर आला की सगळं बर्फ करून टाकतो, तेही पट्ट्यापट्ट्याने, म्हणजे एका भागात ऊन आणि पंधरा मिनिटांवर कमरेएवढा बर्फ. वर्षाला सरासरी २४० सेंटीमीटरच्या आसपास पडतो.

म्हणून मुलीला पहिली सवय ही लावा की ॲपवरचं नुसतं टेंपरेचर बघायचं नाही, त्याच्या खाली 'फील्स लाइक' लिहिलेलं असतं ते बघायचं. उणे १८ असेल आणि ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे २८ सारखं लागतं, आणि अशा हवेत उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. आणि तिकडे सगळं फॅरनहाइटमध्ये असतं, तेव्हा ३२ म्हणजे आपलं शून्य, २० म्हणजे उणे ७ आणि ० म्हणजे उणे १८ एवढे तीन आकडे पाठ असले की बास. पहिल्या आठवड्यात पोरीने "आई आज ४० आहे" म्हटल्यावर मी तिला पाणी भरपूर पी म्हणून सांगितलं होतं, ४० फॅरनहाइट म्हणजे आपले ४ डिग्री.

दुसरी गोष्ट मला तिकडे जाऊन कळली. थंडी लागते ती बस स्टॉपवर. क्लासमध्ये, लायब्ररीत, घरात सगळीकडे हीटिंग, २१-२२ डिग्री, तिच्या युनिव्हर्सिटीच्या नॉर्थ कॅम्पसवर तर बऱ्याच बिल्डिंगी आतून बंद पुलांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळे पोरं टीशर्टवर हिंडतात. चालताना अंग तापतं. पण बस स्टॉपवर दहा-पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं असतं आणि समोरून वारा येत असतो, तेव्हा कपडे निवडायचे ते त्या पंधरा मिनिटांसाठी, आणि आत शिरल्यावर पटापट उतरवता येतील असे. एकच भलामोठा जाडजूड स्वेटर इथेच मार खातो, बाहेर वारा आरपार जातो आणि आत घामाच्या धारा.

पायरी २: इथून काय न्यायचं आणि काय नाही

बहुतेक एअरलाइन २३-२३ किलोच्या दोन बॅगा देतात आणि त्यातली अर्धी बॅग कुकर, मसाले, मेतकूट आणि औषधं खातात. आम्ही काय केलं, तर इथल्याच एका मोठ्या दुकानातून 'मायनस ट्वेंटी चालतो' असं छातीठोक सांगणाऱ्या माणसाकडून साडेचार हजारांचं जॅकेट घेतलं. फुगीर, दिसायला छान, अर्धी बॅग त्यानेच भरली. पहिल्या बर्फात ते खांद्यावर ओलं झालं, आतला कापूस गोळा झाला आणि जानेवारीच्या आत चेनही गेली.

तेव्हा माझा सल्ला असा की सगळ्यात बाहेरचं जॅकेट आणि बूट तिकडेच घ्यायचे. तिकडच्या हवेसाठी बनवलेले असतात, घालून बघता येतात आणि बदलूनही मिळतात. इथून न्यायचं ते आतलं: थर्मलचे तीन सेट, फ्लीसचे, म्हणजे मऊ, लव असलेल्या सिंथेटिक कापडाचे दोन, लोकरीच्या मोज्यांचे चार-पाच जोड, एक साधी कानटोपी, एक मफलर. डेकॅथलॉनमध्ये हे बरंचसं मिळतं, डोंगर चढणाऱ्यांच्या सेक्शनमध्ये बघा. मुंबईत युनिक्लोची दुकानं आहेत तिथे हीटटेकचे पातळ थर्मल मिळतात ते चांगले आहेत. डिसेंबरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात पण पोरं जातात ऑगस्टमध्ये, त्यामुळे आदल्या हिवाळ्यात आठवण झाली तरच त्याचा उपयोग.

आणि एक जॅकेट तरी हवंच, अगदी साधं, विमानात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला पुरेल असं. ऑगस्टमध्ये बफेलोत छान उन्हाळा असतो, २६-२७ डिग्री, पोरीला वाटतं आईने उगाच घाबरवलं.

मग तिकडचं कधी घ्यायचं? सगळे सीनियर सांगतात ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी मोठा सेल लागतो त्या शुक्रवारी घे, स्वस्त मिळतं. बफेलोसाठी हा सल्ला मला पटत नाही. २०२२ मध्ये १७ ते २० नोव्हेंबरला तिथे वादळ आलं आणि ऑर्चर्ड पार्क नावाच्या भागात ८० इंच म्हणजे दोन मीटर बर्फ पडला, आणि त्या वर्षी ब्लॅक फ्रायडे होता २५ तारखेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डे असतो, त्या वीकेंडलाही सेल लागतात, तेव्हा घेऊन टाकायचं. न्यूयॉर्क राज्यात ११० डॉलरच्या आतल्या कपड्या-बुटांना राज्याचा सेल्स टॅक्स लागत नाही, लोकल टॅक्स लागू शकतो, म्हणजे बिल बघून दचकायचं कारण नाही. थ्रिफ्ट स्टोअरला, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात जायला लाजू नका म्हणावं. तिकडे ती पद्धतच आहे, शिकून परत जाणारी मुलं चांगली चांगली जॅकेटं देऊन जातात. फक्त बूट जुने घेऊ नयेत, दुसऱ्याच्या पायाच्या घडणीत बसलेले असतात आणि तळ झिजलेला असला की बर्फावर घसरतात.

पायरी ३: गोधडी आठवा

तिकडे लेअरिंग लेअरिंग म्हणून सगळे डोकं खातात, पण आपल्या घरात गोधडी आहे तोवर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्या लुगड्यांचे पातळ पातळ थर एकावर एक आणि मधे अडकलेली हवा, ऊब त्या हवेची असते. नुसती एकच जाड चादर घेतली तर ती ऊब येत नाही. आता तीच गोधडी ओली झाली की काय होतं ते धुतलेल्या माणसाला विचारा. दोघांनी पिळावी लागते, दोन दिवस वाळत नाही, आणि चुकून दमट राहिलेली अंगावर घेतली तर हुडहुडी भरते. कॉटनचं असंच आहे. म्हणून अंगाला चिकटणारा थर कॉटनचा नको, कारण बसच्या मागे पळताना घाम येणार, तो कॉटन धरून ठेवणार आणि मग स्टॉपवर उभं राहिलं की तोच गार पडणार. आपल्याकडे मिळतात ते जाड पांढरे कॉटनचे थर्मल महाबळेश्वरला ठीक आहेत. जाड की पातळ यापेक्षा कोरडं राहतं का ते बघा, हे एक कळलं की बाकी सगळी खरेदी सोपी होते.

तर पहिला थर, पातळ आणि अंगाला बसणारा, पॉलिस्टरच्या मिश्रणाचा किंवा मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा. मेरिनो महाग असते पण वास धरत नाही, एक-दोन पुरतात. दुसरा थर फ्लीस किंवा स्वेटर. तिसरं जॅकेट, त्याचं काम वारा आणि ओल अडवायचं. खाली पायाला थर्मलची पँट किंवा आतून फ्लीस लावलेल्या लेगिंग्ज आणि वर जीन्स चालते. नुसती जीन्स नको, जीन्स पण शेवटी कॉटनच, गुडघ्यापर्यंत बर्फ लागला की ती ओली होते आणि दिवसभर पायाला चिकटून बसते.

लोकरीवरून आठवलं. माझ्या सासूबाईंनी नातीसाठी मफलर विणायला घेतला आणि मी कौतुकाने बाजारातून लोकर आणून दिली. त्यांनी एक धागा तोडला, चिमट्यात धरून गॅसवर नेला, धागा वितळून त्याचा काळा टणक मणी झाला. म्हणाल्या, "ही लोकर नव्हे गं, प्लॅस्टिक आहे." खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योतीतून काढली की आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिकचा मणी होतो. वाईट असतं असं नाही, धुवायला सोपं असतं, पण लोकरीच्या भावाने घेऊ नका. शेवटी त्यांनी स्वतःचा जुना स्वेटर उसवून त्यातून मफलर विणला, आणि तिच्या सगळ्या कपड्यांत सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू तीच आहे.

पायरी ४: जॅकेट

इथे पैसे घालवा, बाकी ठिकाणी वाचवा. बघायच्या गोष्टी सांगते. लांबी मांडीपर्यंत हवी, कमरेपर्यंतचं जॅकेट दिसतं छान पण बसच्या गार सीटवर बसल्यावर कळतं. टोपी जॅकेटलाच जोडलेली हवी आणि ती दोरीने आवळता आली पाहिजे नाहीतर वाऱ्याने मागे पडते. मनगटाला आत इलॅस्टिकची पट्टी असली तर उत्तम. चेनच्या मागे एक पट्टी असते ती वारा अडवते, ती आहे का बघायचं.

आत काय भरलंय ते लेबलवर असतं. डाउन म्हणजे बदकाची किंवा हंसाची बारीक मऊ पिसं, वजनाला हलकं आणि उबेला सगळ्यात भारी, पण भिजलं की पिसांचे गोळे होतात म्हणून वरचं कापड वॉटरप्रूफ हवं. फिल पॉवर म्हणून एक आकडा असतो, ५५०, ६५०, ८००, जेवढा जास्त तेवढी पिसं जास्त फुगतात म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त ऊब. विद्यार्थ्याला ५५०-६५० भरपूर झालं, ८०० च्या मागे लागून पैसे उडवायची गरज नाही. ज्यांच्या घरात पिसांचं चालत नाही त्यांनी सिंथेटिक घ्या, थोडं जड होतं पण भिजलं तरी ऊब धरतं आणि धुवायलाही सोपं. बफेलोचा बर्फ पुष्कळदा ओला, चिकचिकीत असतो त्यामुळे सिंथेटिक घेतलं तर काही बिघडत नाही, उलट मला तेच बरं वाटतं.

साइज बघताना आत फ्लीस घालून बघायचं. दोन्ही हात वर करायचे, मनगटं उघडी पडतात का बघायचं, मग स्वतःलाच मिठी मारायची, पाठीत ताणलं तर एक साइज मोठा. घट्ट जॅकेट आतली हवा दाबून टाकतं, म्हणजे महागडी पिसं घेऊन त्यांनाच चेपायचं.

आणि चेन! लांब जॅकेटला बऱ्याचदा दोन स्लायडर असतात, वरून आणि खालून दोन्हीकडून उघडणारी. लावताना दोन्ही स्लायडर अगदी तळाला एकावर एक नेऊन मग पिन आत सरकवायची, एक जरी वर राहिला तरी चेन अडकते किंवा मधेच फाकते. आमच्या पोरीने पहिल्या आठवड्यात रोज सकाळी यात पाच मिनिटं घालवली आणि एकदा बस सोडली. पण तिची गंमत अशी की बसमध्ये बसताना खालचा स्लायडर थोडा वर घेतला की गुडघे मोकळे होतात आणि जॅकेट पोटाशी फुगत नाही.

पायरी ५: बूट आणि मोजे

वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर जाणारे, खाली खोल नक्षीचा रबरी तळ. साइज नेहमीपेक्षा अर्धा मोठा, जाड मोज्यासकट बोटं हलली पाहिजेत. दोन मोजे एकावर एक घालून बुटात पाय कोंबायचा नाही, रक्त फिरत नाही आणि पाय उलट गार पडतात. लोकरीचा एकच चांगला मोजा घालायचा आणि बॅगेत एक कोरडा जोड ठेवायचा. स्पोर्ट्स शूज जाळीचे असतात, बर्फ आत जाऊन वितळतो. मी स्वतः गेले तेव्हा वॉकिंगचे शूज घालून गेले होते, एअरपोर्टपासून गाडीपर्यंत गेले तेवढ्यात मोजे ओले.

रस्त्यांवर मीठ टाकतात बर्फ वितळायला, त्याचे पांढरे डाग बुटांवर चढतात आणि लेदर खातात. ओल्या फडक्याने पुसायचे, जास्त असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर. घरात शिरताना बूट दारातच, हे मात्र आपल्याला शिकवावं लागत नाही. बर्फापेक्षा भीती असते ती बर्फ वितळून रात्री परत गोठलेल्या काचेसारख्या थराची, दिसत नाही तो. त्यावर छोटी पावलं, गुडघे किंचित वाकवून, आणि हात खिशात नाही. बुटांवर चढवायचे रबरी खिळेवाले पट्टे मिळतात, एक जोड घेऊन ठेवावा.

पायरी ६: कान, नाक, हात

माकडटोपी. हो, मी दिली होती, आणि हो, ती तिने बॅगेच्या तळाशी पुरली. "आई कुणी घालत नाही गं इथे." मग जानेवारीत बघते तर निम्मा कॅम्पस काळ्या रंगाची तीच वस्तू घालून हिंडतोय, फक्त तिचं नाव बालाक्लावा आणि किंमत तीस डॉलर. वाद घालू नका. गळ्यात घालायची नळी मिळते, नेक गेटर, ती नाकापर्यंत ओढता येते आणि मफलरसारखी टोकं लोंबत नाहीत, मुलींना ती आवडते. चष्मा असेल तर नाकावरून घेतल्यावर श्वासाची वाफ काचेवर जाते, म्हणून नाकाच्या खाली किंचित फट ठेवायची.

लांब कानातले घालून कानटोपी घालू नये, अडकतात आणि ओरबाडतात, आणि धातू गार पडला की कानाची पाळी झोंबते. हातमोज्यात चार बोटं एकत्र राहणारे मिटन्स पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा गरम असतात, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. पण त्यात मोबाइल चालवता येत नाही, म्हणून आत पातळ टचस्क्रीनचे ग्लोव्हज आणि वर मिटन्स. मोबाइल बाहेरच्या खिशात ठेवला तर गारठ्याने बॅटरी झपकन उतरते आणि नेमका बसच्या वेळेला बंद पडतो, तो आतल्या खिशात. क्लासमध्ये गेल्यावर टोपी, ग्लोव्हज, मफलर सगळं जॅकेटच्या बाहीत कोंबायचं आणि मग जॅकेट खुर्चीला लावायचं, नाहीतर आठवड्याला एक ग्लोव्ह हरवतो आणि नेहमी उजवाच हरवतो.

न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही, केसांच्या काड्या होतात खरोखर. रात्री न्हायचं.

पायरी ७: रोजचा क्रम

हे मी तिला इथेच एकदा करायला लावलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही करा, एसी १६ वर लावून सगळं चढवायला सांगा, घरचे हसतील, हसू द्या.

आधी थर्मलचा वरचा भाग, मग तो पँटमध्ये खोचायचा, नाहीतर वाकलं की कंबर उघडी. थर्मलच्या पँटच्या पायावरून मोजे ओढून घ्यायचे. मग जीन्स, मग फ्लीस. मग बूट, जॅकेटच्या आधी, कारण जॅकेट घालून वाकता येत नाही. मग गळ्यातली नळी, मग टोपी, मग जॅकेट हनुवटीपर्यंत बंद. मग बसचं कार्ड हाताशी, दार ओढून कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची. ग्लोव्हज सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी पोरीने ग्लोव्हज आधी घातले, मग किल्ली सापडेना, मग ग्लोव्हज काढले, मग चेन उघडली, आणि मी बाजूला तोपर्यंत घामाने भिजलेली. घराच्या आत सगळं चढवून पाच मिनिटं उभं राहणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे. चढवलं की निघायचं.

किती थर कधी, तर माझं गणित असं: ५ डिग्रीच्या वर असेल तर थर्मल नको, टीशर्ट, फ्लीस, जॅकेट. शून्य ते उणे ७ मध्ये थर्मलचा वरचा भाग घालायचाच. त्याच्या खाली गेलं की पायालाही थर्मल. 'फील्स लाइक' उणे २० च्या पुढे गेलं तर चेहराही झाकायचा, आणि क्लास ऑनलाइन आहे का ते आधी ईमेलमध्ये बघायचं.

पायरी ८: दिवाळी आणि नटणं

पोरी एकवीस-बावीसच्या, त्यांना नटायचं असतं, आणि तिकडे दिवाळीचा कार्यक्रम बहुतेक नोव्हेंबरच्या एखाद्या शनिवारी ठेवतात. साडीच्या आत परकराऐवजी फ्लीसच्या लेगिंग्ज, ब्लाउजच्या आत पूर्ण बाह्यांचा पातळ अंगाच्या रंगाचा थर्मल किंवा सरळ हाय नेक टॉप ब्लाउज म्हणून, काळा हाय नेक आणि वर काठपदराची साडी फार छान दिसते. साडी नेसून पायात बूट, चपला पिशवीत, हॉलवर जाऊन बदलायच्या. निऱ्या बर्फात भिजू नयेत म्हणून गाडीत बसेपर्यंत कमरेला खोचून घ्यायच्या, आपल्याकडे पावसाळ्यात खोचतो तशा.

पायरी ९: कातडी

हीटिंगने हवा कोरडी पडते, ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. आंघोळ फार कढत पाण्याने नको, अंग ओलसर असतानाच क्रीम. कोकमाच्या तेलाची वडी द्या, टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही आणि बॅगेत सांडतही नाही. खोबरेल तेल २४ डिग्रीच्या खाली थिजतं, त्यामुळे तिकडे घरातसुद्धा ते दगडच असतं, बाटली निमुळत्या तोंडाची असली तर काढायचं कसं? रुंद तोंडाची बरणी द्या.

पायरी १०: वादळाचे दिवस

२०२२ च्या नाताळात, २३ डिसेंबरपासून, बफेलोत हिमवादळ झालं त्यात चाळीसच्या वर माणसं गेली, काही गाडीत अडकून. घाबरवायला सांगत नाहीये. पण मुलीला एवढं बजावून ठेवा की ट्रॅव्हल बॅन, म्हणजे रस्त्यावर गाडी काढायला बंदी, लागला म्हणजे बाहेर पडायचं नाही, जॅकेट कितीही भारी असो. घरात तीन दिवसांचं खाणं ठेवायचं, पोहे, थालिपिठाची भाजणी, खाकरे, आणि लाइट गेले तर न शिजवता खाता येईल असंही थोडं. पॉवर बँक भरलेली ठेवायची.

बोटं, नाक, कान बधिर झाले आणि कातडी पांढरट-राखाडी, मेणासारखी दिसायला लागली तर लगेच आत जायचं. चोळायचं नाही, हीटरवर धरायचं नाही, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, बधिर भागाला चटका कळत नाही. कोमट पाण्यात, अंगाला सोसेल एवढ्याच, आणि संवेदना आली नाही तर डॉक्टर. कुणी खूप कुडकुडतंय, बोलणं अडखळतंय, झोपाळल्यासारखं करतंय असं दिसलं तर ९११ ला फोन, तो तिकडचा इमर्जन्सी नंबर.

धुणं आणि आवरणं

थर्मल दोन-तीनदा घालून धुवायचे. लोकरीचं काही ड्रायरमध्ये टाकायचं नाही, तिचा एक मेरिनोचा टॉप शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीला बसेल एवढा होऊन बाहेर आला. डाउनचं जॅकेट सीझनमध्ये एकदा, मंद ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाकून वाळवायचं, बॉल आपटून पिसांचे गोळे सुटतात. पूर्ण वाळायला दोन-तीन फेऱ्या लागतात, आत दमट राहिलं तर कुबट वास येतो.

मार्चमध्ये एक दिवस १५ डिग्री होतं आणि पोरं शॉर्ट्सवर बाहेर येतात. जॅकेट लगेच आवरायचं नाही, एप्रिलमध्येही बर्फ पडतो. मे उजाडला की धुवून ठेवायचं, पण व्हॅक्यूम बॅगेत दाबून नाही, महिनोन्‌महिने दाबलेली पिसं परत नीट फुगत नाहीत. आमची आता ते एका जुन्या उशीच्या अभ्र्यात सैलसर भरून कपाटाच्या वर ठेवते, आणि त्याच अभ्र्यात खालच्या बाजूला माकडटोपी आहे, ती दुसऱ्या हिवाळ्यात वापरली होती असं मला तिच्या रूममेटकडून कळलं.